अमेरिकेतल्या घरच्या ऑक्सिजनचे क्लेम, खराडीतून: माझे पहिले सहा महिने

गेल्या महिन्याभरात चार मैत्रिणींनी मला फोन करून एकच गोष्ट विचारली. "मला डीएमईमध्ये टाकलंय, त्यातही ऑक्सिजन. कसं करायचं गं?" प्रत्येकीला तुकड्यातुकड्याने सांगितलं आणि दर वेळी काहीतरी राहून गेलं. म्हणून आता एकदाच सलग लिहिते. जूनमध्ये मला असं काही वाचायला मिळालं असतं, तर कितीतरी रात्री हलक्या गेल्या असत्या.

मी खराडीत एका मेडिकल बिलिंग कंपनीत काम करते. अमेरिकेतल्या डॉक्टरांची आणि सप्लायरची बिलं, म्हणजे क्लेम, आम्ही इथून तिथल्या विम्याकडे पाठवतो. शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. राहायला वडगाव बुद्रुकला, त्यामुळे कॅब पाचच्या आधीच दारात येते. बीएस्सी झाल्यावर १८ हजार रुपये भरून मी बिलिंगचा क्लास केला होता. त्यात सगळं डॉक्टरांच्या व्हिजिटचं होतं, आणि तीन वर्षं मी तेच क्लेम केले. डीएमई म्हणजे पेशंटने घरी वापरायची टिकाऊ उपकरणं: व्हीलचेअर, हॉस्पिटल बेड, सीपॅप, ऑक्सिजन. क्लासमध्ये यावर एक दुपार झाली होती, तीही घाईत.

३ जून २०२४ ला, सोमवारी, टीम लीड मॅडमनी बोलावलं आणि म्हणाल्या, "आजपासून तू ऑक्सिजनवर. घाबरू नकोस, पण सवयीने हात चालवू नकोस. व्हिजिटचा क्लेम एकदाच जातो. हा दर महिन्याला जातो, आणि पहिला चुकला की त्याच्या मागून येणारे सगळे अडकतात." हे वाक्य मला ऑगस्टमध्ये नीट कळलं.

घरी आईला सांगितलं तर तिने पहिल्यांदा विचारलं, "म्हणजे आजीच्या खोलीत होतं तसलं मशिन?" हो, तसलंच. २०२१ च्या मे महिन्यात आजीला कोविडनंतर घरी ऑक्सिजन लागला होता. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, महिन्याला आठ हजार भाडं आणि वर पंधरा हजार डिपॉझिट. बाबांनी तो सहकारनगरहून रिक्षात मांडीवर धरून आणला होता. मशिनच्या पुढे काचेची नळी असते आणि तिच्यात एक छोटी गोळी तरंगते. गोळीचा मध्य दोनच्या रेघेवर आला पाहिजे, असं तो मशिनवाला मला दाखवून गेला होता. सहा आठवडे मी रात्री उठून ती गोळी बघायचे. म्हणून ट्रेनिंगमध्ये "टू एलपीएम" हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा बाकी सगळे लिहून घेत होते आणि मला ती गोळी दिसत होती. मिनिटाला दोन लिटर. पुढचं सगळं अवघड गेलं, पण एवढं एक माझं ओळखीचं होतं.

ट्रेनिंग दोन आठवडे चाललं. आमच्या फ्लोअरवर मोबाईल, वही, पेन काहीच नेता येत नाही. पेशंटची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून हे नियम कडक आहेत, आणि ते योग्यच आहेत. पण त्यामुळे सगळं डोक्यात भरून घरी आणावं लागतं. मी पहाटे कॅबमध्ये कोड पुटपुटत यायचे आणि घरी आल्या आल्या वहीत उतरवायचे. कोड आणि नियम, पेशंटचं काहीही नाही. ही सवय लावून घ्या. ती वही आजही मला रोज लागते.

वहीत पहिल्या पानावर काय आहे ते सांगते. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. ऑक्सिजनचं मशिन पेशंटला विकत द्यायचं नसतं, भाड्याने द्यायचं असतं. सप्लायर मशिन घरी बसवतो आणि दर महिन्याला मेडिकेअरकडे भाड्याचा क्लेम लावतो. मेडिकेअर मंजूर रकमेच्या ८० टक्के देतं, उरलेले २० टक्के पेशंटचे किंवा त्याच्या दुसऱ्या विम्याचे. त्याआधी वर्षाची डिडक्टिबल, म्हणजे पेशंटने आधी स्वतः भरायची रक्कम, भरून झालेली हवी, ती २०२४ साठी २४० डॉलर होती. असं भाडं ३६ महिने मिळतं. त्यानंतर भाडं थांबतं, पण मशिन पेशंटकडेच ठेवावं लागतं, पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत. म्हणजे शेवटचे २४ महिने सप्लायरला भाडं नाही आणि जबाबदारी मात्र आहे. म्हणूनच त्या ३६ मधला एकही महिना हातचा जाऊ द्यायचा नाही, हे क्लायंट, म्हणजे ज्याचे क्लेम आम्ही पाठवतो तो सप्लायर, पहिल्या कॉलवरच सांगतो.

कॉन्सन्ट्रेटरचा कोड ई१३९०. बाहेर जाताना न्यायचा गॅसचा छोटा सिलिंडर असेल तर ई०४३१. उचलून नेण्याजोगा कॉन्सन्ट्रेटर असेल तर ई१३९२. भाडं आहे हे सांगायला आरआर मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची दोन अक्षरांची खूण. आणि त्याच्यापुढे पेशंट कोणत्या गटात बसतो ते: एन१, एन२ किंवा एन३. हे तीन मॉडिफायर १ एप्रिल २०२३ पासून आले. हे मुद्दाम सांगते, कारण नेटवर शोधलं की जुनी माहितीच वर येते. मी पहिल्या आठवड्यात घरी बसून सीएमएन ४८४ नावाचा फॉर्म अख्खा पाठ केला होता. डॉक्टरने भरून द्यायचा तो दाखला १ जानेवारी २०२३ पासून बंदच झालेला आहे. दोन रात्री वाया गेल्या. कुठलंही पान वाचायला घेण्याआधी ते केव्हाचं आहे ते बघा. २०२३ च्या आधीचं असेल तर सोडून द्या.

आता गट. पेशंट जागा आणि शांत बसलेला असताना रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के किंवा त्याखाली असेल तर पहिला गट. धमनीतल्या रक्ताची तपासणी केली असेल तर ऑक्सिजनचा दाब ५५ किंवा त्याखाली. बरोबर ८९ टक्के असेल तर दुसरा गट, पण मग सोबत पायाला सूज, फुप्फुसातल्या रक्तदाबाचा त्रास किंवा ५६ च्या वर हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) यातलं काहीतरी कागदावर हवं. एका टक्क्याने केवढा फरक पडतो ते बघा.

बसलेला असताना आकडा चांगला आणि चालल्यावर खाली जातो, असे पेशंट बरेच असतात. त्यांच्यासाठी तीन नोंदी लागतात आणि तिन्ही एकाच बैठकीत घेतलेल्या: बसलेला असताना ऑक्सिजनशिवाय, चालताना ऑक्सिजनशिवाय, आणि चालताना ऑक्सिजन लावून. तिसऱ्या नोंदीत आकडा सुधारलेला दिसला पाहिजे. दोनच नोंदी असल्या तर काही उपयोग नाही. आणि ही तपासणी मशिन देणाऱ्या सप्लायरने केलेली चालत नाही. ज्याला भाडं मिळणार त्यानेच "याला मशिन लागतं" असं म्हणायचं नाही, हा नियम मला फार पटला.

२० जूनला, गुरुवारी रात्री, मी माझे पहिले १४ क्लेम पाठवले. आदल्या दिवशी अमेरिकेत सुट्टी होती, त्यामुळे मला एक दिवस जास्तीचा मिळाला आणि प्रत्येक क्लेम मी तीनदा तपासला. क्लेम सॉफ्टवेअरमध्ये भरतो, पण शेवटी त्याची ८३७पी नावाची फाईल बनते. मॅडमनी ती एकदा उघडून दाखवली. सगळं एका रांगेत, मध्ये चांदण्या आणि नागमोडी रेघा. त्यात एक तुकडा असा होता: एसव्ही१, चांदणी, एचसी, ई१३९०, आरआर, एन१. कुणाच्या तरी बेडरूममध्ये रात्रभर घरघरणारं मशिन इथे एवढंसं होतं.

मेडिकेअरचे डीएमईचे सगळे इलेक्ट्रॉनिक क्लेम सीईडीआय नावाच्या एकाच दारातून आत जातात. पुढे चार विभाग आहेत, ए, बी, सी आणि डी. ए आणि डी नोरिडियन ही कंपनी बघते, बी आणि सी सीजीएस ही. क्लेम कुठल्या विभागात जायचा ते पेशंटच्या कायमच्या पत्त्यावरून ठरतं, सप्लायरचं दुकान कुठे आहे त्यावरून नाही. पेशंट मुलाकडे राहायला गेला आणि पत्ता बदलला, तर विभागही बदलू शकतो.

फाईल गेली आणि थोड्या वेळात ९९९ आली. अ‍ॅक्सेप्टेड. मला एवढा आनंद झाला की मी शेजारच्या मैत्रिणीचा हात धरला. मॅडम मागून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "९९९ म्हणजे फक्त फाईलची बांधणी बरोबर आहे. लिफाफा नीट चिकटवलाय, एवढंच. आतलं पत्र अजून कुणी वाचलेलं नाही."

पत्र वाचल्याची पावती म्हणजे २७७सीए. ती दुसऱ्या दिवशी आली. १४ पैकी ९ घेतले, ५ रिजेक्ट.

इथे एक फरक पक्का करून घ्या. रिजेक्ट झालेला क्लेम मेडिकेअरच्या दृष्टीने आलेलाच नसतो. त्याला अपील नसतं, तो दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा. डिनाय झालेला क्लेम आत जाऊन, तपासून नाकारलेला असतो, त्याला अपील असतं. क्लेमची मुदत सेवेच्या तारखेपासून एक वर्ष आहे आणि रिजेक्ट झालेला क्लेम त्या मुदतीत धरला जात नाही. नुसती ९९९ बघून क्लेम गेला असं समजणाऱ्यांचे पैसे वर्षाने बुडतात.

माझे पाच का परत आले? दोन मेडिकेअर नंबरमुळे. हा नंबर ११ अक्षरांचा असतो, त्यात आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेली. ज्या अक्षरांचा आकड्यांशी घोटाळा होऊ शकतो ती त्यात कधीच वापरत नाहीत: एस, एल, ओ, आय, बी, झेड. म्हणजे गोल दिसलं की ते शून्यच. मी स्कॅन केलेल्या कार्डावरून दोन ठिकाणी ओ टाईप केला होता. एकात डॉक्टरच्या एनपीआय नंबरचा, म्हणजे ओळख क्रमांकाचा, एक आकडा चुकला होता. एकात निदानाचा कोड नुसता जे४४ होता, पुढचा आकडाच नव्हता. जे४४.९ असं पूर्ण हवं. आणि एकात पेशंटचं आडनाव कार्डावर वेगळं आणि सप्लायरकडे वेगळं. पाचही त्याच रात्री दुरुस्त करून पाठवले आणि पाचही आत गेले.

मग थांबायचं. इलेक्ट्रॉनिक क्लेम कितीही स्वच्छ असला तरी मेडिकेअर चौदाव्या दिवसाच्या आधी पैसे सोडत नाही. कागदावरच्या क्लेमला तर २९ दिवस. त्या चौदा दिवसांत मी रोज स्टेटस बघायचे, आणि बघून काही होत नाही हे माहीत असूनही बघायचे. पालखी पुण्यात मुक्कामाला आली तेव्हा आमची कॅब दोन दिवस भलत्याच रस्त्यांनी गेली आणि मी पूर्ण वेळ मनात क्लेम मोजत होते. चौदावा दिवस नेमका ४ जुलै, अमेरिकेची सुट्टी. ५ तारखेला ८३५ आली, म्हणजे पैशांचा इलेक्ट्रॉनिक हिशोब. पहिल्या नऊपैकी सहा क्लेमचे पैसे आले. प्रत्येक ओळीत मंजूर रक्कम, त्यापुढे पीआर-२ लिहून पेशंटचे २० टक्के, आणि सीओ-४५ लिहून सप्लायरने सोडून द्यायची जास्तीची रक्कम. आईला मी सकाळी उठवून सांगितलं. तिला फारसं कळलं नसावं, पण तिने चहा केला.

राहिले तीन. एक पेशंट सरकारी मेडिकेअर सोडून खासगी कंपनीच्या मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज योजनेत गेला होता, त्यामुळे सीओ-२४ या कोडने नकार. क्लेम त्या कंपनीकडे पाठवायला हवा होता. दुसरा पेशंट भाड्याच्या तारखेला नर्सिंग फॅसिलिटीत भरती होता. ते घर धरलं जात नाही, म्हणून तेही नाकारलं. दोन्ही चुका क्लेम पाठवण्याआधी २७० टाकून २७१ वाचलं असतं तर कळल्या असत्या. २७० म्हणजे "या पेशंटचं कव्हरेज आज काय आहे?" हा प्रश्न, २७१ त्याचं उत्तर. मी ते फक्त पहिल्या महिन्यासाठी करत होते. दर महिन्याला करा. योजना बदलायचा मुख्य हंगाम १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर असतो आणि बदल १ जानेवारीपासून लागू होतो. त्यामुळे जानेवारीत एकही क्लेम २७१ वाचल्याशिवाय सोडू नका.

तिसऱ्या क्लेमचं काहीच आलं नाही. पैसे नाहीत, नकार नाही.

त्या पेशंटबद्दल मी काही सांगणार नाही आणि सांगताही येत नाही. एवढंच की मशिन २८ मे ला घरी बसलं होतं, सोबत बाहेर न्यायचा सिलिंडरही होता, आणि क्लेम चालतानाच्या तपासणीवर आधारलेला होता. १० जुलैला मला वाटलं की फाईल कुठेतरी हरवली. मी तोच क्लेम पुन्हा पाठवला. तो सीओ-१८ होऊन परत आला, म्हणजे डुप्लिकेट. मॅडम रागावल्या नाहीत, पण त्यांनी मला खुर्ची ओढून शेजारी बसवलं आणि २७६ टाकून स्टेटस कसं विचारायचं ते दाखवलं. मूळ क्लेम थांबवलेला होता. मेडिकेअरने कागद मागवले होते.

कागद मागवल्याचं पत्र २ जुलैचं होतं. ते टपालाने क्लायंटच्या ऑफिसला गेलं आणि तिथल्या कुणाच्या तरी टेबलावर पडून राहिलं. आमच्याकडे त्याचा स्कॅन आला १५ जुलैला. उत्तर द्यायला ४५ दिवस असतात, त्यातले १३ असेच गेले. हे मला फार लागलं, कारण दोष आमचा नसताना घड्याळ आमच्यावरच चालू असतं. आता मी दर सोमवारी क्लायंटला एक ओळीचा मेल टाकते: "या आठवड्यात मेडिकेअरचं कुठलं पत्र आलं आहे का?" कुणाला ते किरकिरं वाटत असेल, तरी मी थांबवणार नाही.

२२ जुलैला आम्ही सगळे कागद पाठवले. डॉक्टरची लेखी ऑर्डर, डॉक्टरची नोंद, तपासणीचा रिपोर्ट, मशिन पोचल्याची सही. ऑर्डरवर पेशंटचं नाव, ऑर्डरची तारीख, वस्तूचं वर्णन, लागू असेल तिथे संख्या, डॉक्टरचं नाव किंवा एनपीआय, आणि सही एवढं हवंच. सगळं होतं. तीनच दिवसांनी, २५ तारखेला, आमच्या सिंहगड रोडच्या बाजूला नदीचं पाणी शिरलं. दोन रात्री कॅब आली नाही आणि हे काम घरून करता येत नाही. शेजारच्या सोसायटीत लोक गुडघाभर पाण्यातून सामान वर नेत होते, आम्ही खिचडी करून पाठवत होतो. त्या दोन रात्री क्लेम डोक्यातून पूर्ण गेला.

८ ऑगस्टला निकाल आला. सीओ-५०. वैद्यकीय गरज सिद्ध होत नाही. खाली कारण: चालताना ऑक्सिजन लावून घेतलेली नोंद कागदपत्रांत नाही.

मी रिपोर्ट उघडून बघितला. बसलेला असताना ९२. चालताना ८६. तिसरी नोंद खरंच नव्हती. मी स्वतः हा रिपोर्ट जूनमध्ये वाचला होता, एन१ लावला होता आणि पुढे गेले होते. ८६ हा आकडा दिसला आणि माझं मन तिथेच निश्चिंत झालं होतं. त्या रात्री जेवण गेलं नाही. सप्लायरचे पैसे अडकले हे होतंच, पण मला सारखं वाटत होतं की हे मशिन परत नेलं तर? आजीचं मशिन एकदा रात्री लोड शेडिंगमध्ये बंद पडलं होतं. वीस मिनिटं. तेव्हा तिने माझं मनगट ज्या ताकदीने धरलं होतं, ते मला आठवत राहिलं.

पहिल्या पायरीच्या अपीलला, रिडिटर्मिनेशनला, १२० दिवस असतात आणि फी काही नसते. म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ होता. पण पाठवणार काय? नसलेली नोंद मागाहून तयार करता येत नाही, करायचीही नाही. मॅडमनी सांगितलं, पुढच्या महिन्यांचे क्लेम रोखून धर. वर्षाची मुदत असल्यामुळे ते चालतं. आणि डॉक्टरच्या ऑफिसला फोन कर.

मी ऑगस्टमध्ये त्या ऑफिसला नऊ फोन केले. बहुतेक वेळा रेकॉर्ड्सची खिडकी बंद, किंवा "फॅक्स पाठवा, बघतो." दोन फॅक्स पाठवले, उत्तर नाही. इथे एक गोष्ट शिकले. "रेकॉर्ड पाठवा" असं म्हटलं तर ते तेच जुनं पुन्हा पाठवतात. नेमकं काय हवं ते सांगावं लागतं.

पण नेमकं काय हवं ते मलाही उशिरा दिसलं. २७ ऑगस्टच्या रात्री, पावणेदोनच्या सुमाराला, मी तोच रिपोर्ट कितव्यांदा तरी उघडला आणि दोनशे टक्के मोठा केला. दुसऱ्या पानाच्या अगदी खाली, फॅक्सच्या काळ्या रेघेला चिकटून, बारीक अक्षरांत होतं: २/३. मी वर जाऊन पहिलं पान बघितलं. १/३. फाईलमध्ये पानं दोनच होती.

मी लगेच फोन लावला. तिकडे दुपारचे सव्वाचार वाजले होते. या वेळी फोन एका बाईंनी उचलला, वयाने मोठ्या वाटल्या. मी म्हणाले, मला पूर्ण रेकॉर्ड नको, या तारखेच्या चालण्याच्या तपासणीचं फक्त तिसरं पान हवंय. त्या म्हणाल्या, थांब. मी चार मिनिटं थांबले. मग त्यांनी फोनवरच वाचून दाखवलं: चालताना, दोन लिटर ऑक्सिजनवर, ९३. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि फोनवर मला फक्त "थँक यू, मॅम" एवढंच म्हणता आलं. फॅक्स २९ तारखेला आला.

४ सप्टेंबरला अपील गेलं, गणपती बसायच्या तीन दिवस आधी. सोबत मी एक पानाचं पत्र लिहिलं. त्यात विनवणी काही नव्हती. तिन्ही नोंदी एकाखाली एक, तारीख एकच, आणि प्रत्येकीपुढे ती कुठल्या पानावर आहे ते. मॅडमनी फक्त एक विशेषण काढायला लावलं. वाचणारा माणूस दिवसभर असेच कागद बघत असतो. त्याला शोधायला लावू नका, बोट ठेवून दाखवा.

याच्या निकालाला ६० दिवसांपर्यंत लागू शकतात. या काळात बाकीचं काम चालूच होतं आणि खरं सांगायचं तर तेव्हाच मला ते यायला लागलं. ऑक्सिजन मिनिटाला चार लिटरच्या वर असेल तर क्यूजी, सोबत बाहेर न्यायचं यंत्रही असेल तर क्यूएफ, एक लिटरच्या खाली असेल तर क्यूई. चारच्या वरचे पैसे मागायचे असतील तर चार लिटर चालू असताना घेतलेली तपासणी हवी. फक्त झोपेतल्या तपासणीवर पात्र ठरलेल्या पेशंटला बाहेर न्यायचं यंत्र मिळत नाही. ही सगळी वाक्यं जूनमध्ये मी पाठ केली होती, ऑक्टोबरमध्ये ती क्लेम बघूनच दिसायला लागली. माझी स्वतःची एक पद्धतही बसली. क्लेम उघडला की आधी तारखा एका ओळीत मांडते: तपासणी, डॉक्टरची भेट, ऑर्डर, मशिन पोचलं, क्लेम. क्रम उलटा दिसला की तिथेच थांबते. आणि प्रत्येक फॅक्सची पानं मोजते, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

२४ ऑक्टोबरला निकाल आला. मंजूर. दिवाळीच्या आधीचा गुरुवार होता. आमच्याकडे दिवाळीची सुट्टी एकच दिवस असते, सुट्ट्या अमेरिकेच्या पाळतो. त्या रात्री घरून आणलेल्या चकल्या मी सगळ्या टीमला वाटल्या. मॅडमनी एक उचलली आणि म्हणाल्या, "आता रोखलेले सोड."

३ नोव्हेंबरला तिकडची घड्याळं एक तास मागे गेली आणि आमची शिफ्ट साडेसातची झाली. ६ तारखेला मी त्या पेशंटचे जून ते ऑक्टोबरचे, प्रत्येकी २८ तारखेचे, पाच क्लेम पाठवले. पाठवण्याआधी पाचही महिन्यांचं २७१ वाचलं. ९९९ आली तेव्हा मी जागेवरून हलले नाही. दुसऱ्या रात्री २७७सीए आली, पाचही घेतले. पैसे २१ तारखेला आले, मे महिन्याचे त्याआधीच जमा झाले होते.

पेशंटच्या नोंदीत मी दोन तारखा घालून ठेवल्या आहेत. भाड्याचा ३६ वा महिना एप्रिल २०२७. मशिन घरात राहायला हवं, मे २०२९ पर्यंत.